हजार पौंडांचा जमाखर्च



गावाने पैसा जमवून विहीर खणली, तर त्या पैशाचे काय झाले हे सांगायला पंडित लागत नाही. पाणी लागले की पैसा सत्कारणी लागला. खडक लागला तर बुडाला. पाण्याचे मोल लातूरकरांना मी सांगावे असे मुळीच नाही. धर्मशाळा बांधली, शाळेला खोली दिली, घाटाच्या पायऱ्या दुरुस्त केल्या, तर दिलेल्या पैशाचे फळ डोळ्यांना दिसते. पण ज्ञान मिळवण्यासाठी कोणी पैसा दिला, एखाद्या शल्यवैद्यांच्या संस्थेने किंवा सरकारने संशोधनासाठी अनुदान दिले, तर त्याचे फळ मोजायचे कशाने? निघालेले निबंध मोजायचे, वाचलेले रोगी मोजायचे, की तयार झालेले विद्यार्थी मोजायचे? आणि संशोधनाचा निष्कर्षच पुढे चुकीचा ठरला, तर तो पैसा पाण्यात गेला असे म्हणायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लंडन-न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचे कारण नाही. नांदेड आणि लातूर ज्या निजामाच्या अमलाखाली १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होती, त्याच्याच हैदराबाद राज्याने १८८९ साली शस्त्रक्रियेच्या एका प्रश्नावर संशोधन व्हावे म्हणून एक हजार पौंड दिले होते. इतिहासात हे प्रकरण ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्याकडे निजामी राजवटीचा इतिहास सांगताना जुलूम, जहागिरी, रझाकार आणि मुक्तिसंग्राम यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच खजिन्यातून, म्हणजे आपल्या आजा-पणजांनी भरलेल्या साऱ्यातून, जगभर गाजलेला हा एक खटाटोप झाला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आज त्या हजार पौंडांचा जमाखर्च मांडून पाहू.

आधी प्रश्न काय होता ते समजून घेतले पाहिजे. १८४६ सालापर्यंत शस्त्रक्रिया म्हणजे रोग्याला चौघांनी दाबून धरायचे आणि शस्त्रवैद्याने शक्य तितक्या घाईने कापायचे, असा प्रकार होता. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रोग्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया करवून दाखवली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणले. ईथरपेक्षा ते वासाला बरे आणि थोडक्या थेंबांत काम करणारे. आपल्या हवेत तर त्याचा आणखी एक फायदा होता. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते, आणि नांदेड-लातूरचा वैशाख ४० अंश ओलांडतो. बाटली उघडली की ईथर उडून जायचे. शिवाय दिव्याजवळ ते पेट घेण्याची भीती. क्लोरोफॉर्म पेटत नाही आणि ६१ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे हिंदुस्थानात क्लोरोफॉर्मने लौकरच जम बसवला.

परंतु सिम्प्सन यांच्या शोधाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ एक पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताना दगावली. शस्त्रक्रिया पायाचे नख काढण्याची, म्हणजे अगदी किरकोळ होती. नंतर असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले. चांगला धडधाकट माणूस टेबलावर चढावा, दोन-चार श्वास घ्यावेत आणि निपचित पडावा. आपण वेदना टाळण्यासाठी जे देतो तेच माणसाला मारते की काय, या शंकेने शस्त्रवैद्यांची झोप उडाली.

मृत्यू येतो तो कोणत्या वाटेने? क्लोरोफॉर्मने आधी श्वास बंद पडतो की आधी हृदय थांबते? हा वाद नुसता पंडिती नव्हता. श्वास आधी थांबत असेल, तर भूल देणाऱ्याने छातीकडे आणि नाकाकडे लक्ष ठेवावे. श्वास अडखळला की औषध दूर करून जबडा वर उचलावा, म्हणजे रोगी वाचेल. हृदय आधी थांबत असेल, तर बोट नाडीवर हवे. आणि मुख्य म्हणजे क्लोरोफॉर्म कितीही काळजीपूर्वक दिले तरी धोका उरतोच, असे कबूल करणे भाग होते. एडिंबरोचे प्रख्यात शस्त्रवैद्य साइम हे श्वासावर लक्ष ठेवा असे शिकवीत. लंडनचे जॉन स्नो, ज्यांनी व्हिक्टोरिया राणीला १८५३ साली प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले, त्यांचे म्हणणे असे की वाफेचे प्रमाण तीव्र झाले तर हृदयावरच थेट आघात होतो.

येथे शल्यवैद्यांच्या संस्था पुढे आल्या. लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरुर्जिकल सोसायटीने समिती नेमली. तिने १८६४ साली अहवाल दिला आणि क्लोरोफॉर्मने हृदयाचा जोर कमी होतो असे सांगितले. पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ग्लासगो येथे मॅकेंड्रिक, कोट्स आणि न्यूमन यांची समिती नेमली. तिचे काम १८८० पर्यंत पुरे झाले. रक्ताचा दाब क्लोरोफॉर्मने एकाएकी आणि लहरीपणाने खाली येतो, असे तिला प्रयोगांत दिसले. दोन संस्था, दोन अहवाल, आणि दोन्हींचा कौल हृदयाच्या बाजूने. हा वाद येथे संपायचा. पण तो हैदराबादला जाऊन पुन्हा पेटला.

हैदराबादेत १८४६ पासून वैद्यकीय शाळा होती. ती रेसिडेन्सीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली निघालेली असून आरंभी तेथे उर्दूतून शिक्षण दिले जाई. एतद्देशीय भाषेतून पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा हा प्रयोग आपल्या देशातील जुन्या प्रयोगांपैकी एक होय. १८८० नंतर रेसिडेन्सी सर्जन आणि या शाळेचे प्रमुख म्हणून एडवर्ड लॉरी आले. ते साइम यांचे शिष्य, आणि शिष्य म्हणजे कट्टर शिष्य. आपण हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म दिले, नाडीकडे ढुंकून पाहिले नाही, केवळ श्वासाकडे पाहिले, असे ते छातीठोकपणे सांगत. १८८८ साली त्यांच्या प्रेरणेने निजाम सरकारने पहिले कमिशन नेमले. शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो; हृदय त्याच्या मागून.

लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने या निष्कर्षावर शंका घेतली. युरोपातला अनुभव असा नाही, असे त्याचे म्हणणे. त्यावर हैदराबादकरांनी जे केले त्याचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. त्यांनी वर्तमानपत्री वाद घातला नाही. दिवाण सर आस्मान जाह यांच्या सरकारने ‘लॅन्सेट’कडे एक हजार पौंड देऊ केले आणि कळवले की तुमच्या पसंतीचा तज्ज्ञ पाठवा, प्रयोग त्याच्यासमोर पुन्हा करू. त्या वेळच्या भावाने ही रक्कम ब्रिटिश चलनाच्या चौदा-साडेचौदा हजार रुपयांच्या घरात जाते. गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. ‘लॅन्सेट’ने लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे डॉ. लॉडर ब्रंटन यांना पाठवले. हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग १८६७ साली प्रथम दाखवून देणारे तेच हे ब्रंटन. औषधांच्या हृदयावरील परिणामांचा त्यांच्याइतका जाणकार क्वचित असेल. आणि विशेष म्हणजे क्लोरोफॉर्म हृदयाला मारू शकते, असेच त्यांचे हैदराबादला येण्यापूर्वीचे मत होते.

१८८९ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दुसरे कमिशन बसले. लॉरी अध्यक्ष, ब्रंटन, सर्जन-मेजर बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी हे सदस्य. कुत्री, माकडे, बकऱ्या, मांजरे, ससे, घोडे असे मिळून पाचशेहून अधिक प्राणी या कामी आले. शंभराहून अधिक प्राण्यांच्या रक्ताचा दाब यंत्राने टिपून घेतला आणि त्या आलेखांची छायाचित्रे काढून ठेवली. त्या काळात एवढा मोठा आणि इतका तपशीलवार नोंदलेला प्रयोग दुर्मिळच. ब्रंटन यांचे मत पालटले. त्यांनी ‘लॅन्सेट’ला तार केली: धोका आहे तो श्वास कोंडण्याचा किंवा अतिमात्रेचा, हृदयावर थेट आघात मुळीच नाही. पहिल्या आणि दुसऱ्या कमिशनांचा एकत्र अहवाल १८९१ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून बाहेर पडला.

हैदराबादचे नाव दुमदुमले. एका देशी संस्थानाने लंडनच्या पंडितांचा वाद सोडवला, अशी भावना झाली. पण विज्ञानात जयजयकार हा पुरावा होत नाही. ॲबरडीनचे मॅकविल्यम यांनी १८९० साली क्लोरोफॉर्मने हृदय फुगते आणि दुबळे होते असे दाखवले. १८९३ साली केंब्रिजचे गॅस्केल आणि शोर यांनी हैदराबादच्या निष्कर्षांवर सविस्तर टीका प्रसिद्ध केली. १९०२ साली मेलबर्नच्या एम्बली यांनी, मेंदूकडून हृदयाला आवरणाऱ्या मज्जातंतूच्या मार्गे हृदय कसे थांबू शकते, ते सांगितले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०१ साली पुन्हा एक समिती नेमली. ती जवळजवळ दहा वर्षे चालली, आणि तिच्या कामातून ऑक्सफर्डचे रसायनज्ञ व्हर्नन हार्कोर्ट यांचे एक उपकरण पुढे आले. त्यातून क्लोरोफॉर्मची वाफ दोन टक्क्यांहून अधिक जातच नसे.

शेवटी गुडमन लेव्ही यांनी १९११ आणि त्यापुढील वर्षांत कोडे उलगडले. भूल गाढ असताना नव्हे, तर ती अर्धवट, हलकी असताना क्लोरोफॉर्मने हृदय उत्तेजनाला हळवे होते. अशा वेळी भीतीने किंवा वेदनेने शरीरात ॲड्रेनॅलिन उसळले, तर हृदयाचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागतात आणि माणूस जागच्या जागी मरतो. न्यूकॅसलजवळची ती मुलगी घाबरलेली होती, नुकतीच भूल लागत होती आणि शस्त्रक्रिया किरकोळ होती, हे आठवले म्हणजे लेव्हींचे उत्तर पटते.

मग हैदराबादला एवढे पाचशे प्राणी असून हे का दिसले नाही? याचे कारण लबाडी नव्हे, प्रश्नाची मांडणी. कमिशनने बहुतेक प्राण्यांना क्लोरोफॉर्म देत देत अतिमात्रेपर्यंत नेले आणि आधी काय थांबते ते पाहिले. अतिमात्रेत आधी श्वासच थांबतो. तेवढ्यापुरते हैदराबादचे म्हणणे बरोबर होते. पण माणसे मरत होती ती अतिमात्रेने मरत होती, हे कोणी सिद्ध केले होते? तेच तर शोधायचे होते. दिवा घेऊन आपण ज्या खोलीत शोधले, त्या खोलीत वस्तू नव्हती, एवढेच त्यातून ठरले. शिवाय अध्यक्षस्थानी असलेला माणूस आधीपासून एका पक्षाचा होता, आणि पैसा त्याच्या पक्षाची परीक्षा घेण्यासाठी नव्हे, तर त्याचा पक्ष सिद्ध करण्यासाठी मिळाला होता. ब्रंटन यांच्यासारखा निःपक्षपाती माणूससुद्धा त्या मांडणीत सापडला, यावरून मांडणीचे बळ किती असते ते कळून येते.

आता जमाखर्चाकडे वळू. केवळ निष्कर्षाच्या मापाने पाहिले तर हजार पौंड बुडाले असेच म्हणावे लागेल. पण हे माप पुरेसे आहे काय?

संशोधनाच्या अनुदानाचे फळ मोजण्याचे शास्त्र आता चांगलेच वाढले आहे. १९९६ साली इंग्लंडमधील ब्रुनेल विद्यापीठाचे मार्टिन बक्स्टन आणि स्टीफन हॅनी यांनी परताव्याची पाच खाती सुचवली. पहिले, ज्ञानात पडलेली भर. दुसरे, पुढील संशोधनाला मिळालेली दिशा आणि तयार झालेली माणसे. तिसरे, धोरणावर आणि साधनांवर झालेला परिणाम. चौथे, प्रत्यक्ष रोग्यांचे आरोग्य. पाचवे, समाजाचा व्यापक आर्थिक लाभ. आपल्या दुकानदारांना खातेवहीची रीत नवी नाही. तेव्हा हीच पाच खाती हैदराबादच्या हजार पौंडांना लावून पाहू.

ज्ञानाच्या खात्यात अर्धे सत्य जमा होते. अतिमात्रेत श्वास आधी जातो, हे पक्के झाले. दुसऱ्या खात्यात मात्र जमा भरघोस आहे. हैदराबादच्या अहवालाने चिडून, चकित होऊन वा शंका घेऊन किती प्रयोगशाळांत काम सुरू झाले ते आपण पाहिले. केंब्रिज आणि मेलबर्न येथील कामामागे हैदराबादशी झालेला वाद होता. चुकीचे पण स्पष्टपणे मांडलेले आणि नोंदी खुल्या ठेवलेले उत्तर पुढच्या माणसाला खोडता येते. मोघम उत्तर खोडताही येत नाही. रक्तदाबाचे आलेख जपून छापले, म्हणूनच टीकाकारांना टीका करता आली.

त्याच खात्यात एक नाव आवर्जून मांडले पाहिजे, ते रूपाबाई फर्दुनजी यांचे. लॉरी यांनी वैद्यकीय शाळेची दारे मुलींना उघडली. रूपाबाई १८८५ साली तेथे दाखल झाल्या, १८८९ साली हकीम ही पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढे कित्येक वर्षे हैदराबादच्या रुग्णालयांत भूल देण्याचे काम त्यांनी केले. १९०९ साली त्या अधिक अभ्यासासाठी एडिंबरोलाही गेल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. कमिशनच्या मंजुरीच्या कागदात अशी माणसे घडवावीत असे कलम असण्याचे कारण नव्हते. पण त्या शाळेत क्लोरोफॉर्म हा ध्यास झाला होता, आणि ध्यास असलेल्या जागी माणसे घडतात.

तिसऱ्या खात्यात कमिशनच्या व्यवहारी सूचना येतात. रोग्याला आडवे निजवावे. गळा, छाती आणि पोट यांवरचे कपडे सैल असावेत, म्हणजे श्वास दिसेल. भूल देणाऱ्याने दुसरीकडे लक्ष देऊ नये. श्वास अडखळताच जबडा उचलून वाट मोकळी करावी. या सूचना आजही कोणत्याही शस्त्रक्रियागृहात मान्य होतील. भूल देणे हे कोणी मोकळा माणूस सापडला म्हणून त्याच्यावर सोपवण्याचे काम नव्हे, हा त्यातला बोध मोलाचा होता.

चौथ्या खात्यात मात्र जमेबरोबर नावेही लिहावे लागते. श्वासाकडे लक्ष देण्याच्या आग्रहाने काही रोगी नक्कीच वाचले असतील. पण क्लोरोफॉर्म हृदयाला धक्का लावत नाही, या भरवशाने ते अधिक काळ, अधिक निर्धास्तपणे वापरले गेले. भूल हलकी ठेवणे म्हणजे सुरक्षित, अशी समजूत टिकली आणि धोका तर हलक्या भुलेतच होता. क्लोरोफॉर्मने यकृतावर मागाहून होणारा विषारी परिणाम लंडनच्या गथ्री यांनी १८९४ साली दाखवला, तो आणखी निराळा. १९५६ साली हॅलोथेन वापरात आले, तोवर क्लोरोफॉर्म हळूहळू मागे पडत गेले होते. चुकीच्या खात्रीमुळे किती जीव गेले, हे कोणी मोजलेले नाही. परतावा मोजणारे शास्त्रज्ञ जमेची बाजू मोठ्या हौसेने मांडतात; नावेची बाजू कोरी ठेवण्याचा मोह त्यांनाही होतो. प्राण्यांचे जीवही या बाजूलाच लिहिले पाहिजेत.

पाचवे खाते आपले, म्हणजे मराठवाड्याचे. राज्याचा खजिना मुख्यतः शेतसाऱ्यावर चाले, आणि त्यात गोदावरी, मांजरा व तेरणा यांच्या काठच्या ज्वारी-कापसाचा वाटा होता. बारा-तेरा वर्षांमागे, १८७६ ते ७८ या काळात, दख्खनने भयंकर दुष्काळ भोगला होता. १८८९ साली नांदेडला रेल्वे नव्हती. गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास आला. लातूरला बार्शी लाइट रेल्वे पोहोचली ती १९११ साली. म्हणजे ज्या वर्षी हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या प्रश्नावर जगातले उत्तमातले उत्तम डोके खपत होते, त्या वर्षी लातूरच्या पेठेतल्या हमालाचा हात मोडला, तर राजधानीच्या रुग्णालयात जायला त्याला बैलगाडीने कित्येक मुक्काम करावे लागले असते. ज्यांनी दिले त्यांच्यापर्यंत फळ पोहोचले नाही. कीर्ती राजधानीला मिळाली, ज्ञान जगाला मिळाले, सारा मात्र रयतेने भरला. हे लिहून ठेवल्यावाचून जमाखर्च प्रामाणिक होणार नाही.

हे अंतर कापायला आपल्याला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. मराठवाड्यातले पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५६ साली निघाले. त्यानंतर सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे महाविद्यालय ग्रामीण भागात उभे राहिले. नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय महाविद्यालये आली. अखिल भारतीय पातळीवर शल्यचिकित्सकांची संघटना १९३८ साली स्थापन झाली. १९११ साली निघालेल्या संशोधन निधीचे १९४९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले. तेव्हा आता अनुदान देणारे आहेत, घेणारे आहेत, आणि घेणारे आपल्या गावातही आहेत. म्हणूनच मोजमापाचा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही.

परदेशांतून या बाबतीत मोठमोठे आकडे येतात. २००८ साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला. हृदयविकाराच्या संशोधनावर सार्वजनिक पैशातून खर्च केलेल्या प्रत्येक पौंडामागे दरसाल ३९ पेन्सचा परतावा मिळत राहतो, असा हिशेब त्यात निघाला. त्यांतले ९ पेन्स आरोग्याचे आणि ३० पेन्स एकंदर अर्थव्यवस्थेचे. पैसा खर्च झाल्यापासून आरोग्याचा लाभ दिसेपर्यंत सरासरी १७ वर्षे जातात, असेही त्यात धरले होते. १७ वर्षे ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दरवर्षी मार्चअखेर ‘काय निष्पन्न झाले?’ असे विचारणारा हिशेबतपासनीस आंब्याचे रोप दर महिन्याला उपटून मुळे पाहणाऱ्यासारखा होय. अमेरिकेचे कॉम्रो आणि ड्रिप्स यांनी १९७६ साली हृदय व फुप्फुसांच्या उपचारांतील दहा मोठ्या प्रगतींचा माग काढला. त्यांनी निवडलेल्या ५२९ महत्त्वाच्या निबंधांपैकी ४१ टक्के निबंध लिहिताना कोणत्याही रोगाचा उपचार लेखकाच्या डोळ्यांपुढे नव्हता. म्हणजे ताबडतोब उपयोग दाखवा असा हट्ट धरला असता, तर त्या इमारतीच्या बऱ्याच विटा भट्टीतून बाहेरच आल्या नसत्या.

याची दुसरी बाजूही आपल्या मातीतून दाखवता येते. ज्या ‘लॅन्सेट’ने १८८९ साली ब्रंटन यांना हैदराबादला धाडले, त्याच ‘लॅन्सेट’ने १९८२ साली लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांविषयी एक लेख छापला. लेखक होते डॉ. हिंमतराव बावसकर, जन्म जालना जिल्ह्यातला, म्हणजे मराठवाड्यातला, आणि कामाची जागा कोकणात महाडजवळचे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचुदंशावर कसे चालते ते त्यांनी दाखवले. सुमारे ४० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. तेथे हजार पौंड नव्हते, तारा नव्हत्या, प्रयोगशाळा नव्हती. होते काय, तर रोग्याच्या खाटेशेजारी रात्रभर बसून केलेली नोंद. आणि प्रश्न असा, की जो त्या गावातल्या माणसांनाच मारत होता.

यावरून अनुदान नकोच, असा निष्कर्ष काढणे म्हणजे उलट दिशेची चूक होईल. एका बावसकरांच्या मागे, केवळ साधनांअभावी ज्यांचे प्रश्न मनातच राहिले असे किती डॉक्टर असतील, त्यांची गणना कोण करणार? दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे मात्र एक गोष्ट उघड होते. पैशाच्या रकमेपेक्षा प्रश्न कोणाचा आणि तो कसा विचारला, यावर फळ अधिक अवलंबून असते. हैदराबादचा प्रश्न एडिंबरो आणि लंडन यांच्या भांडणातून आला होता. महाडचा प्रश्न अंगणातल्या दगडाखालून आला होता.

तेव्हा आपल्या भागात एखाद्या शल्यवैद्यांच्या संस्थेने, नगरपालिकेने किंवा दानशूर व्यापाऱ्याने संशोधनाला पैसा द्यायचे ठरवले, तर हैदराबादच्या वहीवरून त्याने चार गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. एक, हा पैसा प्रश्नाला दिला आहे की आधीच ठरलेल्या उत्तराला? मळणी यंत्रात सापडलेले हात, भाजलेल्या सुना, रस्त्यावरचे अपघात, बाभळीचा काटा घुसून चिघळलेले पाय. असे प्रश्न नांदेड-लातूरच्या शस्त्रक्रियागृहांत रोज येतात. त्यांची साधी, नेटकी नोंद हेही संशोधनच आहे. दोन, आपले म्हणणे चुकीचे असेल तर ते उघडे पडेल, अशी या प्रयोगात सोय आहे काय? तीन, नोंदी दुसऱ्याला तपासायला खुल्या राहतील काय? याबाबतीत लॉरी यांचा धडा निःसंशय घेण्यासारखा आहे. चार, ज्यांचा पैसा आणि ज्यांची शरीरे या कामी लागली, त्यांच्यापर्यंत फळ परत कोणत्या वाटेने येईल?

ही वही एका वर्षात मिटवू नये. दहा वर्षांनी एकदा, वीस वर्षांनी पुन्हा उघडावी. त्या पैशातून तयार झालेला तरुण शस्त्रवैद्य गावात राहिला की गेला, तालुक्याच्या रुग्णालयातली रीत बदलली की नाही, कोणाचे म्हणणे खोटे ठरले आणि त्यातून काय निघाले, हे साध्या मराठीत लिहून अशाच व्याख्यानमालेत नागरिकांपुढे वाचावे. आपला पैसा कुठे गेला हे विचारण्याचा हक्क १८८९ सालच्या रयतेला नव्हता. तो आज आपल्याला आहे. विहिरीला पाणी किती हात लागले, हे विचारायला आपण संकोचत नाही. तसेच ज्ञानाच्या विहिरीबद्दलही विचारावे, फक्त पाणी वर चढायला लागणारा वेळ तिला द्यावा.